नावं हरवलेली गाणी

बल्गेरियातल्या गाब्रोवोत माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी नेवेनामावशी कारखान्याच्या संगणकखोलीतून निवृत्त झाली, आणि लोकांच्या बिघडलेल्या डिस्क तिच्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या. तिचा नियम एकच. मूळ डिस्कला हात लावायचा नाही; आधी पुरती नक्कल, मग नकलेवर दुरुस्ती. नक्कल होईस्तोवर ती मिरच्या भाजत बसे.

ऑक्टोबरअखेर डोंगरातल्या एका गावच्या वाचनालयातला कामेन आला. गावातल्या बेचाळीस म्हाताऱ्या बायकांची गाणी त्याने ध्वनिमुद्रित केली होती. आता त्यांतली एकही हयात नव्हती. शनिवारी, मृतांच्या दिवशी, घराघराला आपापल्या आईचा आवाज ऐकवायचा ठरला होता. तेवढ्यात वीज गेली, डिस्क बिघडली, आणि याने मूळ डिस्कवरच दुरुस्ती सुरू केली. संगणक विचारत गेला, हा प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत गेला.

“लग्नातसुद्धा माणूस एकदाच हो म्हणतो रे,” मावशी म्हणाली.

एक सोडून सगळी गाणी शाबूत होती, पण नावांऐवजी नुसत्या आकड्यांनी, संगणकाच्या ‘हरवले-सापडले’ कप्प्यात. तिने त्याला समजावलं, की नाव फाईलच्या अंगावर नसतं, बाहेरच्या यादीत असतं, आणि यादीच गेली. तारीख मात्र अंगावर राहते. अंदाजाने नावं देऊ का, असं त्याने विचारलं.

“भलत्याच्या घरी भलत्याची आई पाठवशील. माहीत नसेल तिथे आकडाच राहू दे.”

दोन दिवस दोघं तारखा घेऊन बसली. कोणत्या सणाला कोणाच्या अंगणात बसलो होतो, हे कामेनला आठवत गेलं. चाळीस गाण्यांना नावं मिळाली. एक उरलं. त्या दिवशी गाना आणि पेना या सख्ख्या बहिणी गायल्या होत्या, आणि फाईल एकीचीच वाचली होती.

शनिवारी मावशीबरोबर मीही त्या गावी गेले. मांड्यांवर, मृतांच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाच्या वाट्या घेऊन लोक बसले होते. आकड्याचं गाणं सर्वांत शेवटी लागलं, आणि दोन टोकांना दोन म्हातारे उभे राहिले. दोघंही म्हणाले, ही आमची आई. भांडलं कोणी नाही.

कोणाचं नाव टाकू, असं कामेनने हळूच विचारलं. मावशीने त्याला बाजूला सरकवलं. मग स्वतःच यंत्रापाशी बसली.

“इथे एका फाईलला दोन नावं चालतात. नक्कल नव्हे. फाईल एकच.”

“पण मावशी, खरी कोणाची?”

“ते मला माहीत नाही. तेही खाली लिहून ठेव.”

निघताना त्या दोन्ही म्हाताऱ्यांच्या वाट्यांतले गहू तिच्या ओंजळीत आले. तिने ते तिथेच उभ्याने खाल्ले.