मागं न जाणारे मावसाजी

आयुष्यात पुढंच जात राहावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तो नियम चारचाकी गाडीला लावून वर्षानुवर्षं पाळणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे मावसाजी. देऊळघाटला त्यांची शेती, सोयाबीन-कपाशीचा रगाडा आणि एक जुनी पांढरी गाडी. ती गाडी चारही गेअरांत गाईसारखी चाले, रिव्हर्स टाकायला गेलं की मात्र तिच्या पोटातून असा करकराट निघे, की जणू कोणी पत्र्याच्या डब्यात खडे भरून दात-ओठ खात भरडतंय. मावसाजींनी त्यावर उपाय काढला : रिव्हर्स टाकायचाच नाही. "तिले मागं जाणं पसंत नाही," ते गंभीरपणे सांगत, "आपण काऊन जबरदस्ती करावी?"

मग सगळा संसार गाडीच्या मर्जीप्रमाणे वळला. समोरच्या फाटकातून आत घेतलेली गाडी पुढूनच बाहेर काढता यावी, म्हणून त्यांनी अंगणामागची भिंत पाडली. पण त्या भिंतीपलीकडे सलीमचाचांचा गोठा. दोन घरांचा पिढ्यांचा घरोबा, म्हणून चाचा रोज सकाळी निमूटपणे म्हैस सोडून बाजूला बांधत, गाडी गोठ्यातून निघून जाई आणि म्हैस परत जागेवर येई. एकदाच ते काकुळतीनं म्हणाले, "भाऊ, म्हैस आटून राह्यली ना! हॉर्न तरी नका वाजवू." मावसाजींनी त्या दिवसापासून गोठ्यात हॉर्न बंद केला. शेगावला दर्शनाला गेले तर गाडी गावाच्या पार टोकाला, मोकळ्या मैदानात उभी करत आणि तिथून मावशीला उन्हात चालवत नेत. एका लग्नात तर त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, कोट घातलेल्या सहा व्याह्यांकडून ती मागं ढकलून घेतली आणि आतून काच खाली करून सूचना दिल्या, "डावीकडून जोर कमी पडून राह्यला!"

चिखलीच्या मिस्त्रीनं गाडी तपासून "गेअर चांगला हाय काका, क्लच पुरता दाबत जा" एवढंच म्हटलं, तर मावसाजींनी त्याचं गॅरेज कायमचं सोडलं. "मले गाडी शिकवते थो!" असं दोन महिने बोलत होते.

हे सगळं अमडापूरला फिस्कटलं. मावशीच्या पुतणीचा साखरपुडा होता. मी मागच्या सीटवर, मावशी पुढं. मावसाजींनी नेहमीच्या आत्मविश्वासानं गाडी ज्या बोळीत घातली, तिच्या दुसऱ्या टोकाला मांडव घातलेला. पुढं वाट नाही. आणि मागून खुर्च्यांनी भरलेला ट्रॅक्टर येऊन थडकला. ट्रॅक्टरवाल्यानं मागं सरून वाट दिली, पण आमची गाडी निघाल्याशिवाय त्याला मांडवापर्यंत येता येईना. खुर्च्यांशिवाय पाहुणे उभे, भटजी सारखे घड्याळ पाहताहेत. पुढून ढकलायला गाडी नि मांडवाच्या मध्ये माणूस मावेना. शेवटी मावसाजींनी ओठ घट्ट मिटले आणि रिव्हर्स टाकला.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शेळ्या दावी तोडून पळाल्या. आचारी झारा घेऊन बाहेर आला नि ओरडला, "अबे, मिक्सर कोनं लावला?" मावसाजींनी पुन्हा टाकला, पुन्हा करकराट. कपाळावर घाम, मान ताठ. तेवढ्यात शालू नेसलेली खुद्द नवरीच बोळीत आली. ती बुलढाण्याला नोकरीला, रोज स्वतः गाडी चालवून जाणारी.

"काका, उतरा बरं. मी पाह्यते."

ते उतरले. तिनं शालू आवरून पाय क्लचवर ठेवला, अगदी तळाला नेला, श्वासभर थांबली आणि दांडा ओढला. आवाज नाही. गाडी अलगद, लाजल्यासारखी, मागं गेली. टाळ्या पडल्या. मावसाजी मात्र भिंतीला टेकून उभे होते. "आता गरम झाला ना गेअर," ते म्हणाले, पण कोणाकडं न पाहता.

जेवणं झाल्यावर मी मावशीला म्हणालो, "म्हणजे गेअर चांगलाच होता तर!"

मावशी पान लावत राहिली. "गेअराले काय झालं? त्यायच्या गुडघ्याले झालं. डावा पाय पुरता दाबतच नाही. रोज तेल मीच लावते, मले माहीत नसीन का?"

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगून काय करू, बाबू? पोरं किल्ली काढून घेतील. अन् गेअर खराब हाय म्हटलं, तं चारचौघांत मान तं राह्यते ना."

परतताना गाडी मीच चालवली. त्याच वर्षी दिवाळीनंतर मावशी देऊळघाटच्या शेतरस्त्यावर गाडी शिकू लागली. "रिकामं बसून काय करू?" एवढंच तिनं सगळ्यांना सांगितलं. मावसाजींनी विरोध केला नाही, उलट "पुढं पाह्य, पुढं पाह्य" म्हणून तिला शिकवायला बसले.

परवा तिनं मला शेगाव स्टेशनवर सोडलं. डाव्या सीटवर मावसाजी, दोन्ही हात मांडीवर. प्रत्येक गतिरोधक आला की त्यांचा उजवा पाय नकळत पायाखालच्या रबरी चटईवर दाबला जाई. डावा तसाच, सरळ, निजल्यासारखा पडून होता. मावशीला ते दिसत होतं. ती रस्त्याकडं पाहत, अगदी हळू गाडी चालवत होती.