झाकण दाबून नेलेलं दूध

नव्वदच्या दशकात गंगावेशीतल्या कट्ट्यावर आम्ही म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं प्यायचो आणि तब्येतीवर व्याख्यानं झोडायचो. तिथं रोज येणारा एक जण मात्र किटलीत दूध घेऊन, झाकण दोनदा दाबून, उकळायला घरी न्यायचा.

"पैलवानांच्या गावात उकळून पितोय!" सगळे हसायचे.

एकदा मीही विद्वत्ता पाजळली, "कच्च्या दुधानं काही होतं, याला पुरावा काय?"

झाकण दाबत तो म्हणाला, "पोरीला हितंच पाजायचो, पावणं. तापात गेली. डॉक्टर म्हणालं, दुधानंच झालं असं सांगता येत न्हाई. दुधानं न्हाई झालं, असंबी सांगता येत न्हाई."

पुरावा खरंच नव्हता. दुसऱ्या दिवशीही मी दूध प्यालो; फक्त त्याच्याकडे पाठ करून.