पाठराखीण लिनताई आणि फुनांच्या घरचा चहा

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात, सायक्वान भागाच्या जुन्या गल्ल्यांमध्ये लग्न ठरले की पाठराखीण म्हणून पहिले नाव लिनताईंचे निघते. नवरीचे केस विंचरणे, वडीलधाऱ्यांना चहा देताना तिच्या शेजारी तबक धरून उभे राहणे, तिला लाल छत्रीखाली घराबाहेर काढणे, आणि यांतील प्रत्येक पावलावर यमक जुळवून तिथल्या कँटोनीज बोलीत मंगल बोल म्हणणे, हे काम त्या तीस वर्षे करीत आल्या आहेत. त्यांचे वय एकसष्ट आहे. त्यांचा आवाज तीन मजले चढतो. त्या मूळच्या ग्वांगझूच्या नाहीत, ही गोष्ट मात्र या शहराने त्यांना एक दिवसही विसरू दिलेली नाही.

फुनांच्या घरच्या लग्नाआधी आठ दिवस नवरीची आई, म्हणजे फुनबाई, त्यांना सकाळच्या चहाला घेऊन गेली. उपाहारगृहात गर्दी होती. फुनबाईने वाफवलेल्या तांदळाच्या गुंडाळ्या मागवल्या, लिनताईंच्या पेल्यात चहा ओतला आणि लिनताईंनी रीतीप्रमाणे दोन बोटे टेबलावर ठोकून आभार मानले. मग फुनबाई मुद्द्यावर आली.

"ताई, एक विनंती आहे. बोल तेवढे मँडरिनमध्ये म्हणा."

मँडरिन म्हणजे उत्तरेची, सरकारी भाषा. लिनताईंना वाटले, गलक्यात आपल्या कानांनी घोटाळा केला. "कशामध्ये?"

"अहो, जावई हुनान प्रांताचे. त्यांची माणसं येणार वीस. त्यांना आपली बोली ओ की ठो कळत नाही. सगळे नुसते तोंडाकडे बघत बसतील, बरं दिसतं का ते?"

"आणि तुमच्या सासूबाई? एक्याण्णव वर्षांच्या आहेत त्या. त्यांना मँडरिनचं अक्षर कळत नाही."

"त्यांना ऐकू तरी कुठं येतं? त्या आपल्या हसतात आणि मान डोलावतात." फुनबाईने गुंडाळीचा तुकडा लिनताईंच्या ताटलीत ठेवला. "आणि तुम्हाला काय जड आहे? तुम्ही मूळच्या उत्तरेच्या, शानडोंगच्या. म्हणून तर आम्ही मुद्दाम तुम्हाला धरलं. दुसऱ्या पाठराखिणींचं मँडरिन म्हणजे नुसता चिवडा. तुमचं कसं स्वच्छ!"

लिनताईंच्या हातातील जेवणाच्या काड्या तिथेच थांबल्या. तीस वर्षांत त्यांनी अनेक टोमणे ऐकले होते. उत्तरेची असून बरं बोलते की, असे म्हणणाऱ्या हजार माणसांना त्यांनी हसून वाट दिली होती. परंतु जी बोली शिकण्यासाठी आयुष्य खर्ची घातले, ती न बोलण्यासाठी कोणी आपल्याला नेमले आहे, असे प्रथमच घडत होते.

हा राग समजण्यासाठी त्यांचे मागचे आयुष्य सांगणे प्राप्त आहे.

त्या शानडोंगमधल्या वेईफांग गावच्या. नाव लुआन युलिएन. भरतकामाच्या कारखान्यात कामाला होत्या. एकोणीसशे त्र्याऐंशी साली कारखान्याने त्यांना ग्वांगझूच्या व्यापारी मेळ्यात नमुन्यांची पेटी घेऊन दहा दिवसांसाठी पाठवले. त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि याआधी त्यांनी आपला प्रांतसुद्धा सोडला नव्हता. शेवटच्या दिवशी त्या सायक्वानच्या गल्लीत वाट चुकल्या. समोरच्या घरातून एक नवरी निघत होती. तिच्यापुढे काळ्या सुती विजारीतली एक ठेंगणी बाई तांदूळ उधळीत चालली होती आणि तिच्या तोंडून शब्द असे पडत होते, जसे कोणी वाटाण्याच्या शेंगा सोलून पितळेच्या भांड्यात टाकते आहे. युलिएनला त्यातील एकही शब्द कळला नाही. तरीही सगळी गल्ली हसली तेव्हा ती हसली, आणि नवरी रडली तेव्हा तिच्याही डोळ्यांना पाणी आले. गाडीची वेळ टळली. ती दुसऱ्या दिवशी गेली, परंतु तिचे चित्त गावी पोचले नाही.

दोन वर्षे ती कारखान्यात भरतकाम करीत राहिली आणि एका जुन्या रेडिओवर, खरखर ऐकत, ती बोली शोधीत राहिली. मग तिने ठरलेले लग्न मोडले आणि दक्षिणेची गाडी धरली. वडिलांनी एकच पत्र पाठवले. त्यात लिहिले होते की, बेडकांसारखे बोलणाऱ्या लोकांत राहायचे असेल तर तिथेच राहा. ती राहिली. पोटासाठी एका खाणावळीत भांडी घासली, आणि उरलेल्या वेळी त्या ठेंगण्या बाईच्या, माक आत्याबाईंच्या दारात जाऊन बसू लागली.

माक आत्याबाईंनी तिला पहिली दीड वर्षे तोंड उघडू दिले नाही. "छत्री धर. मुकाट्याने धर. उत्तरेची बया, तुझ्या तोंडात तो तुमचा वाफवलेला पाव आहे. तो गिळून झाला की सांग." लोक विचारीत, ही कोण? आत्याबाई म्हणत, "माझी छत्रीची काठी." शहराने तिच्या नावाचासुद्धा उच्चार बदलला आणि युलिएनची युकलिन झाली. पुढे तिने नदीवरच्या होड्यांचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या लो नावाच्या माणसाशी लग्न केले, मुलगा झाला, लग्नघरांतून तिला बोलावणे येऊ लागले, आणि ती लिनताई झाली.

त्या दिवशी चहाच्या टेबलावर हे सर्व आठवून लिनताईंनी काड्या खाली ठेवल्या.

"जमणार नाही," लिनताई म्हणाल्या.

"मग ताई, तुम्ही नुसतं तबक धरा. बोल म्हणायला आम्ही एक मुलगा ठरवतो. सूत्रसंचालक. छान बोलतो हो."

येथे लिनताई उठून जाऊ शकत होत्या. परंतु पाठराखिणीने लग्नाच्या तारखेचा लाल कागद एकदा हाती घेतला, की नवरीला सोडून जाणे हा मोठा अपशकुन मानला जातो. नवरी ह्यूलाम हिने काय पाप केले होते? लिनताईंनी रागासकट होकार दिला. आठ दिवस त्यांनी घरात भांडी आपटली. नवरा लो म्हणाला, "राग फुनांवर आहे ना? मग माझ्या कढईला का मारतेस?"

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला फुनांच्या दिवाणखान्यात माणूस मावेना. हुनानची मंडळी एका बाजूला अवघडून बसली होती. मधोमध फुन आजी, पायांपुढे दोन लाल उशा, त्यांवर वधूवर गुडघे टेकून. लिनताईंच्या तबकात लाल बोरे आणि कमळबिया घातलेला चहा. त्यांच्या शेजारी तकतकीत बूट घातलेला एक तरुण मायक्रोफोन घेऊन उभा.

या लोकांचा एक नियम आहे, आणि तो प्रत्येक पाठराखिणीच्या हाडात मुरलेला असतो. वरात निघून जाईपर्यंत पाठराखिणीच्या तोंडून एकही अभद्र, कडू किंवा उणा शब्द निघता कामा नये. तिने भांडायचे नाही, रडायचे नाही, "नाही" हा शब्दसुद्धा टाळायचा. चेहरा हसरा. लिनताईंनी आपला चेहरा हसरा ठेवला होता. त्यामागे त्यांचे दात एकमेकांवर रोवलेले होते.

त्या तरुणाने बोलणे सुरू केले. मँडरिन शुद्ध होते, आवाज मोठा होता, आणि शुभेच्छा अशा होत्या की त्या दुकानाच्या उद्घाटनालाही चालल्या असत्या. तो थांबला. टाळ्या झाल्या. ह्यूलामने दोन्ही हातांनी पेला पुढे केला.

फुन आजींनी हात पुढे केले नाहीत.

त्या बसून राहिल्या. हात मांडीवर, नजर नातीवर, तोंडावर शांत हसू. ह्यूलामने पेला आणखी थोडा पुढे केला. सगळे वाट पाहू लागले. फुनबाईने पुढे होऊन सासूच्या कानात मँडरिनमध्ये ओरडून सांगितले, "आई, चहा घ्या!" मग भोवतालच्या आपल्या माणसांकडे वळून कँटोनीजमध्ये, "ऐकू येत नाही हो त्यांना. वयोमान!"

"ऐकू येतंय," आजी कँटोनीजमध्ये म्हणाल्या. "माझी नात चहा घेऊन आली. पण बोल कुठं आहेत? बोल झाल्याशिवाय कसा घेऊ? अजून सुरुवात व्हायचीय ना?"

दिवाणखान्यात ज्यांना हे समजले ते खाली पाहू लागले. त्या म्हातारीला हट्ट करायचा नव्हता. तो तरुण इतका वेळ बोलला, ते तिच्या लेखी बोलणे सुरू होण्याआधीची खाकरणी होती. घरात आल्यापासून तिने पाहिलेल्या प्रत्येक लग्नात आधी बोल आणि मग चहा असाच क्रम होता, आणि ती शिस्तीने आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

मुहूर्त सरकत होता. फुनबाई दातओठ खात लिनताईंच्या कानाशी आली. "म्हणा हो काहीतरी. दोन ओळी. पटकन."

आता लिनताईंच्या रागाला तोंड फुटले. परंतु नियम नियम होता. म्हणून त्या खळखळून हसल्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, कँटोनीजमध्ये म्हणाल्या, "फुनबाई, तुमच्या घरी वेळेची इतकी बरकत येवो, की एक्याण्णव वर्षांच्या माउलीला दोन ओळींत उरकण्याची घाई कुणालाच न पडो!"

कोणीतरी फिस्सकन हसले. फुनबाईचे कान तांबडे झाले. "ताई, इथं तमाशा करू नका."

"तुमची जीभ अशीच गोड राहो! आणि आईकडून मिळालेली बोली तिला लवकर आठवो!"

"लिनताई!"

"शंभर वर्षं असंच माझं नाव घ्या!"

तरुणाने भांबावून मायक्रोफोन पुढे केला. "मावशी, हा घ्या."

"बाळा, तुझ्या यंत्राची भरभराट होवो. माझा घसा ठणठणीत आहे."

फुन आजी आता तोंडावर हात धरून हसत होत्या. लिनताई त्यांच्याकडे वळल्या. तबक छातीशी धरले, आणि पूर्ण आवाज सोडला.

"पहिला घोट गोडीचा, आशीर्वाद द्या जोडीचा! दुसरा घोट बोरांचा, घरात गलका पोरांचा! तिसरा घोट सावलीचा, पदर राहो माउलीचा! पाचवा घोट माहेराचा, दिवा तेवता दाराचा!"

चौथा घोट येथे कोणी मोजत नाही, कारण चार हा आकडा अशुभ आहे. लिनताईंनी बोल पाचव्या घोटावर थांबवले नाहीत. माक आत्याबाईंनी शिकवलेले सगळे म्हटले, जे हल्ली वेळेअभावी सर्वच गाळतात तेही म्हटले. आजीच्या सासरचे, माहेरचे, तिच्या वयाचे, तिच्या गुडघ्यांचे, तिने वाढवलेल्या लेकरांचे बोल म्हटले. प्रत्येक ओळ आशीर्वाद होती आणि प्रत्येक ओळ फुनबाईच्या पायाशी आपटलेल्या ताटलीसारखी वाजत होती. मुहूर्त टळून गेला. ह्यूलामला हात खाली घ्यावे लागले, आणि ती आजीच्या गुडघ्यावर डोके ठेवून ऐकत राहिली. संपले तेव्हा आजींनी स्वतः पेला उचलला, तीन घोटांत रिकामा केला आणि म्हणाल्या, "आता झालं लग्न."

वराची आई, हुनानची एक साधी बाई, पुढे आली आणि लिनताईंना मँडरिनमध्ये म्हणाली, "मला एक शब्द कळला नाही. पण मलाही चहा देताना असंच म्हणाल का? माझ्यासाठी?"

लिनताईंच्या अंगाची लाही झाली. ज्या पाहुण्यांच्या नावाखाली हे सारे गिळायचे होते, त्या पाहुण्यांनी ते कधी मागितलेच नव्हते! त्यांनी त्या बाईलाही पूर्ण बोल म्हटले, कँटोनीजमध्ये. त्या बाईने डोळे मिटून ऐकले.

दारात फुनबाईने लाल पाकीट पुढे केले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्या ओळखीत तुमचं नाव मी पुन्हा कुणाला सुचवणार नाही." ते पाकीट तिच्या तोंडावर फेकावे असे लिनताईंच्या मनात आले. परंतु पाठराखिणीने पाकीट नाकारले तर नवरीचे भाग्य नाकारले असे होते. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले. "भरभराट होवो," त्या म्हणाल्या. मग लाल छत्री उघडली, तांदूळ उधळले, ह्यूलामला गाडीत बसवले. गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली.

लिनताईंनी छत्री मिटली आणि त्या मागे वळल्या.

"फुनबाई, वरात गेली. आता ऐका."

"रस्त्यात नको, लोक बघतायत."

"बघू देत! तुमच्या सासूला तुम्ही तिच्याच घरात पाहुणी केलंत. मुकी पाहुणी! बहिरी म्हणून खपवलंत! लाज कशी नाही वाटली?"

"तुम्ही मला शिकवणार? तुम्ही तर बाहेरच्या!"

"हो, बाहेरची! म्हणूनच सांगते. तुम्हाला ही बोली दुधाबरोबर मिळाली आणि तुम्ही ती मोरीत ओतलीत. मी तिच्यासाठी बाप गमावला. दीड वर्ष छत्रीची काठी होऊन उभी राहिले. आणि तुम्ही मला ती गप्प बसवायला बोलावता? मला?"

लिनताईंचा आवाज गल्लीभर झाला. सायकल दुरुस्त करणारा हातातले काम टाकून उभा राहिला. फुनबाईच्या डोळ्यांत पाणी आले, रागाचे की आणखी कशाचे, ते सांगता येत नाही. तिने उत्तर दिले ते अस्सल सायक्वानच्या कँटोनीजमध्ये, तिच्या आईच्या वळणाने, एका दमात, आणि त्यातील निम्मे शब्द येथे लिहिण्याजोगे नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. फुन आजींनी डोके बाहेर काढले.

"दोघी वर या आणि इथं बसून भांडा! मला खालचं नीट ऐकू येत नाहीये!"

लिनताईंनी वर पाहिले. मग छत्री काखेत मारून त्या जिन्याकडे निघाल्या. फुनबाई त्यांच्या मागून, अजून शिव्या देत. लिनताई प्रत्येक पायरीवर थांबून तिला उत्तर देत होत्या.