वादळातली उशी

गाद्या-उश्यांच्या कारखान्यात तिला सगळे काळजीमावशी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने अगदी मापात बेतलं होतं. नवऱ्याची बस वेळेवर आली नाही की मावशीला काळजी, आणि वेळेवर आली की जोरात हाकली असणार म्हणून काळजी. लेकीला शिंक आली की सर्दीची काळजी, नाही आली की ती आतल्या आत साचली असेल याची. उशी शिवता शिवता ती काळजी करायची आणि काळजी करता करता उशी शिवायची. दोन्ही कामांना टाका तोच, बारीक आणि एकसारखा.

गंमत म्हणजे अख्ख्या गावाला झोपवणारी ही बाई स्वतः झोपायची नाही. तिच्या हातची उशी गिऱ्हाईक मागून न्यायचं. कापूस ती मुठीने कोंबायची नाही, तळव्याने सरकवायची, आधी कोपऱ्यांत, मग मध्ये. घरी मात्र त्याच उशीवर डोकं ठेवून ती छत न्याहाळत पडायची, आणि शेजारी नवरा असा घोरायचा की खिडकीची तावदानं त्याला साथ देत.

"तुम्हाला कशी हो झोप लागते?" ती विचारायची.

"तू जागी आहेस ना," तो कूस बदलत म्हणायचा. "घरात एक माणूस जागं असलं की झालं."

तो थट्टेने बोलायचा. तिने ते खरं धरलं होतं. आपण जागे आहोत म्हणून घर उभं आहे, बस रस्त्यावर आहे, पोरीचा ताप उतरतोय, असं तिच्या मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं. प्रार्थना चुकवायची नाही, पण ती प्रार्थना म्हणजे वरच्याला करून दिलेली कामांची आठवण. प्रभू, यांच्या बसचे ब्रेक बघ. पोरीचा खोकला बघ. जाऊबाईंचा गुडघा बघ. आणि आमेन म्हणून झालं, की त्याने बघितलं की नाही हे पाहायला स्वतः जागी.

जाऊबाई त्याच कारखान्यात कापूस पिंजायच्या यंत्रावर होत्या. त्या तोंडावर बोलत. "तुझं म्हणजे कसं आहे, लॉन्ड्रीत कपडे टाकायचे आणि धुऊन होईपर्यंत तिथेच ठाण मांडायचं. धोब्याने काम करायचं की तुझ्याकडे बघत बसायचं?"

मावशी हसायची. हसून झालं की तिला वाटायचं, लॉन्ड्रीत खरंच एखादा कपडा हरवला तर?

अशा बाईच्या पोटी ठिणगी जन्मली. ठिणगी हे बापाने ठेवलेलं नाव. लहानपणी बाहुल्यांऐवजी तिने शिवणयंत्र खोललं होतं, मोठी होऊन इंजिनं खोलायला लागली. गॅरेजातले मिस्त्री तिच्याकडून नट उघडून घेत आणि श्रेय आपल्या पान्याला देत. एका शनिवारी संध्याकाळी ती तेलकट हातांनीच घरात आली आणि म्हणाली, मालवाहू जहाजावर काम मिळतंय, इंजिनाच्या खोलीत. सोमवारी सकाळी उत्तर द्यायचंय.

मावशीने हातातली सुई खाली ठेवली. "खिडकी आहे का त्या खोलीला?"

"इंजिनाला कशाला खिडकी, आई? त्याला काय समुद्र बघायचाय?"

"आणि वादळ आलं तर?"

"तर जहाज हलेल."

"हलेल म्हणते," मावशी नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत का, तुमची लेक हलेल म्हणते."

"माझी बससुद्धा हलते," नवरा म्हणाला, आणि बायकोच्या डोळ्यांकडे बघून पुढचा विनोद त्याने गिळला.

ठिणगी आईसमोर जमिनीवर बसली. "आई, तू हो म्हणालीस तरच जाईन. तू इथे छताकडे बघत पडली आहेस हे डोक्यात ठेवून मला तिथे एक स्क्रूसुद्धा नीट पिळता येणार नाही. नाही म्हण, मी गॅरेजात राहीन. रुसणार नाही."

रुसली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. मावशी "उद्या सांगते" म्हणून उठली. रात्र छताकडे बघण्यात गेली.

रविवारी उपासनेला सगळे एका बाकावर, मध्ये मावशी. नेहमी वाचन करणाऱ्या शाळेतल्या निवृत्त बाईंचा घसा बसला होता, म्हणून पाळकसाहेबांनी गावातल्या घड्याळवाल्याला उभं केलं. घड्याळवाला बोलताना अडखळायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला तर सगळ्यात जास्त. पण वाचायची त्याची हौस जुनी होती आणि पाळकसाहेबांनी त्याला शब्द दिला होता, की कितीही वेळ लागला तरी मध्ये कोणी बोलणार नाही.

वाचन निघालं ते नेमकं प्रभूच्या होडीचं आणि वादळाचं. मावशीने डोळे मिटले. वरच्यालासुद्धा चिमटे काढायची हौस, तिला वाटलं. गोष्ट तिला तोंडपाठ होती. वारा सुटतो, लाटा उसळतात, होडीत पाणी भरतं, झोपलेल्या प्रभूला उठवायला शिष्य ओरडतात, तो उठतो आणि वादळ थांबवतो. मावशी कायम त्या ओरडणाऱ्यांच्या बाजूने असायची, किंबहुना सगळ्यांच्या आधी तिचाच आवाज. घड्याळवाला एकेक शब्द चिमट्याने उचलल्यासारखा वाचत होता. पाणी होडीत आलं. प्रभू होडीच्या मागच्या बाजूला होता. आणि तिथे तो—

"उ... उ..." घड्याळवाला थांबला. "उ..."

अख्खं चर्च श्वास धरून बसलं. पाळकसाहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले, दिला शब्द पाळत. "उ... उ..."

"उशी," मावशी म्हणाली.

म्हणाली कसली, दणकून बोलली. पिंजायच्या यंत्राच्या घरघरीवर बोलायची सवय असलेला तो आवाज, मागच्या दारापर्यंत गेला. जन्मभर जो शब्द हातात होता तो तोंडातून निसटला, इतकंच. कोणी हसावं की नाही या पेचात असतानाच घड्याळवाला स्वतः हसला. "हो. उशी," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं न अडखळता वाचून गेला.

पुढचं मावशीने ऐकलंच नाही. ती उशीपाशी थांबली होती.

होडीत उशी? दोरांचं वेटोळं नाही, डोक्याखाली दुमडलेला हात नाही. उशी. आणि उशीतलं कोणी तिला शिकवायला नको होतं. डुलकी लागलेला माणूस भिंतीला टेकतो, खुर्चीत मान टाकतो. उशी घेणारा माणूस ठरवून झोपतो. म्हणजे वारा होता, पाणी होतं, आरडाओरडा होता, आणि त्या सगळ्यात तो ठरवून झोपला होता. मावशी इतकी वर्षं मागत आली होती, की वादळ थांबव, मग मी झोपते. त्याने तर क्रमच उलटा लावला होता. आधी झोपला, वादळाचं नंतर बघितलं. होडी तरंगायला त्याला जागं राहावं लागलं नाही. मग मी कोण लागून गेले राखणदार?

गठ्ठ्यात आवळलेला कापूस पिंजला की जसा फुलून वर येतो, तसं तिच्या छातीत काहीतरी वर आलं. तिला बसवेना. ती बाकावर पुढे-मागे व्हायला लागली.

"उसण भरली का?" जाऊबाई कुजबुजल्या.

"नाही हो. गप्प बसा. सांगते नंतर."

नंतर म्हणजे शेवटचा आमेन ओठांवरून उतरायच्या आत. दारात तिने आधी घड्याळवाल्याला गाठलं.

"माझा शब्द प... पळवलात, मावशी."

"तुम्ही अडलात म्हणून तो मला ऐकू आला. नाहीतर सगळे तिथून पळत वादळाकडे जातात हो."

"मग पुढच्या वेळी कु... कुठे अडू, ते आधी सांगून ठेवा."

मावशी पुढे गेली होती. पायरीवर ठिणगी बापाशी बोलत उभी होती. मावशीने तिचा दंड धरला. "जा," ती म्हणाली. "पण उशी घेऊन जा. तिथली कसली असेल कोण जाणे, सरकीची नाहीतर चिंध्यांची. मी शिवते. आत्ता शिवते."

"आई, खरंच? की उद्या सकाळी फिरशील?"

"काळजी वाटणारच. ती काय मला विचारून येते? येऊ दे. पण तिच्यासाठी अंथरूण सोडून उठणार नाही मी."

बस चालवणारा बाप तोंड फिरवून चर्चच्या घंटेकडे बघायला लागला. घंटा वाजत नव्हती, त्याला फक्त नाक पुसायचं होतं.

कारखान्याच्या मालकीणबाईंकडून किल्ली आणली, जाऊबाईंनी यंत्र चालू केलं, आणि पाळकसाहेब त्या आवाजाने रस्त्यावरून आत डोकावले. "रविवारी कारखाना?"

"काम नाही साहेब, आनंद आहे," मावशी ओरडली.

"मग चारदोन जास्त शिवा. माझ्या प्रवचनाला येणाऱ्यांना लागतील."

नव्या कापसाची, दुहेरी टाक्यांची, बॅगेत मावेल एवढी उशी झाली. मावशी ती छातीशी धरून घरी गेली, आणि वाटेत भेटेल त्याला उशी दाखवत गेली. भाजीवालीला तर सबंध गोष्ट ऐकावी लागली, वादळासकट.

निघायच्या दिवशी धक्क्यावर तिने एका खलाशाला वाऱ्याबद्दल विचारलं, दुसऱ्याला पाण्याबद्दल, तिसऱ्याला ठिणगीने आईला मागे ओढून वाचवलं. मग जहाजाच्या शिडीवर ती काखेत उशी धरलेली लेक लहान लहान होत गेली. मावशीची काळजी होतीच. हात मात्र हलत राहिला. प्रार्थना त्या दिवशी आखूड झाली. प्रभू, ती तुझ्या होडीत आहे. मीही.

तिथून ती थेट कारखान्यात गेली. घरी जाऊन काय करायचं होतं? दुपारी जाऊबाई रेडिओवरचं बोलून गेल्या, "समुद्र खवळलाय म्हणे," आणि लगेच जीभ चावली. मावशीची सुई थांबली. जाऊबाईंना वाटलं, झालं, आता फोन, आता धक्क्यावर धाव, आता रडारड.

"बघ रे बाबा," मावशी हळूच म्हणाली. एकदाच. पुन्हा सांगितलं नाही. सुई पुढे सरकली, दोरा संपला, गाठ बसली. मग तिने ती तयार उशी समोरच्या कापसाच्या ढिगावर ठेवली, हाताने दोनदा थोपटली, आणि तिच्यावर डोकं ठेवलं.

यंत्र गरगरत होतं. बाहेर ट्रकमधून कापसाचे गठ्ठे उतरत होते, हमालांची आपापसात जुंपली होती. मावशीच्या पापणीवर कापसाचा तंतू बसला तरी तिला कळलं नाही. थोड्या वेळाने ती घोरायला लागली, नवऱ्याला लाजवेल असं. जाऊबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांनी हिला झोपलेली पाहिली नव्हती. त्यांनी पदर तोंडाला लावला, चवड्यांवर चालत गेल्या आणि हलकेच यंत्राचं बटण बंद केलं.

कारखाना एकदम शांत झाला. मावशीने दचकून डोळे उघडले.

"बंद का केलंत?" ती म्हणाली. "चालू द्या की," आणि कूस बदलून झोपली.