डबा, दोन पैलवान आणि म्हैस

निजामाच्या राजवटीतली शेवटची काही वर्षं होती. आमच्या राजेश्वर गावच्या आठवडी बाजारात हैदराबादहून एक एजंट येऊ लागला. दुधातून घ्यायच्या गोडसर पिठीचे डबे तो विकायचा. मागे एक फळी असे. तिच्यावर सिंहाचा जबडा फाडणारा पैलवान, आणि खाली उर्दूत व मराठीत मजकूर: ‘पंधरा दिवसांत छाती रुंद’. खात्री पटवायला तो गिऱ्हाइकाची छाती फितीनं मोजे. पहिलं माप श्वास सोडायला लावून घेई. मग चमचाभर पिठी चाखवून दुसरं माप, श्वास भरायला सांगून. फरक सगळ्यांना दिसे.

चित्रातल्यापेक्षा जिवंत पैलवान बरा, म्हणून त्यानं माझ्या थोरल्या चुलत्यांना गाठलं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. दर बाजारी एक डबा फुकट; काम एवढंच, की अंगरखा काढून डब्यांशेजारी उभं राहायचं. पिठी खाता का, हे एजंटानं विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही.

निर्णा या दुसऱ्या गावच्या बाजारातही त्यानं असाच एक तरुण पैलवान उभा केला होता. दोन्हीकडे भाषण एकच. ह्याला पाडणारा मुलखात नाही, आणि कारण हा डबा.

त्या साली उरुसाला कुस्त्या लागल्या. एजंटानं आखाड्याच्या कडेला डब्यांची उतरंड रचली. आमच्याकडे जोड आधी ठरत नसे. पंच तिथंच अंगलट बघून दोघांचे हात एकमेकांत देत. त्यांनी अप्पांचा हात धरला, मग निर्ण्याच्या पैलवानाचा.

एजंट आधी हसला. मग त्याच्या ध्यानात आलं. जो पडेल तो डब्याचाच पैलवान असणार होता, तोही भरल्या उरुसात. मग डबा घेणार कोण? तो पंचांकडे धावला, कुस्ती बरोबरीत सोडवा म्हणाला. पंचांनी ऐकलं नाही. तोवर गर्दीलाही कळलं होतं. माझ्या मागे एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, “कोनबी पडू दे, डबाच पडतंय.”

बराच वेळ खडाखडी झाली आणि अप्पांनी निर्ण्याच्या पैलवानाला चितपट केलं. हलगी वाजली. एजंटानं लगेच अप्पांचा हात उंचावून डबा दाखवला. पाठीची माती झाडत पडलेला पैलवान उठला.

“मी बी ह्योच खायलाव,” तो म्हणाला. “ह्यानंच दिलाय.”

लोक हसू लागले. एजंटानं अप्पांची मनधरणी केली, दुप्पट खाल्लं म्हणून सांगा.

“म्या तोंडाला लावलं न्हाई,” अप्पा म्हणाले. “म्हशीला घालायलाव.”

एजंटानं विचारलं, “मग दूध वाढलं?”

“शेपूट जोरात हालवायली.”

हशा ओसरेपर्यंत निर्ण्याचा पैलवान विचारात उभा होता. मग अदबीनं त्यानं अप्पांना विचारलं, “अण्णा, तुमी दूध तिचंच पेताव का?”

“व्हय की.”

पुढच्या बाजारी एजंट पुन्हा हजर होता. फळीवरचा पैलवान खरवडून तिथं म्हैस रंगवली होती. रंगाऱ्याच्या घाईत पैलवानाच्या मिशा मात्र राहून गेल्या होत्या. मजकूर बदललेला नव्हता. अप्पांना त्यानं म्हशीसकट उभं राहायला बोलावलं. अप्पा गेले नाहीत.

डबे मात्र खपले. घेणाऱ्यांत पहिला निर्ण्याचा पैलवान होता. म्हैस त्यानं आधीच घेतली होती.