हेडबाईंच्या दिव्याला गुरुवारी काय व्हायचं

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती की खटकामास्तरांचं आणि हेडबाईंचं काहीतरी आहे. 'काहीतरी' हा शब्द मोठा सोयीचा. त्यात वाटेल ते मावतं आणि बोलणाऱ्याच्या अंगाला काही चिकटत नाही. मास्तर तेव्हा सहासष्ट वर्षांचे, हेडबाई त्र्याहत्तरच्या. पण कुजबुजीला जन्मदाखला कोण मागतो?

पुरावा मात्र भक्कम होता. दर गुरुवारी दुपारी चारच्या ठोक्याला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, काळ्या कापडाची पिशवी काखेत मारून हेडबाईंचा जिना चढायचे. तासाभराने उतरायचे तेव्हा चेहरा कॉपी पचलेल्या पोरासारखा. ही बातमी मी गल्लीभर पसरवली हा आरोप साफ खोटा आहे. मी फक्त तिघांना सांगितली. त्यांतली एक इस्त्रीवाली निघाली, त्याला मी काय करणार?

मास्तरांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानासमोर. चाळीस वर्षं मी सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्याकडे बघत आलो. खटकामास्तर हे नाव त्यांना कॅमेऱ्याच्या खटक्यामुळे पडलं. कुठलाही कॅमेरा आला की आधी उघडायचा नाही. कानाशी धरायचा, खटका दाबायचा, खट् असा आवाज ऐकायचा आणि डोळे मिटून आजार सांगायचा. "ह्याच्या आत वाळू गेलीय. समुद्रावर नेला होतात ना?" गिऱ्हाईक गार. एकदा माझी कात्री कानाशी धरून म्हणाले, "हिने कुणीतरी पुठ्ठा कापलाय." कापला होता. माझ्या सुनेने. घरात दोन दिवस अबोला होता.

दुकानात एकच पाटी: 'इथे दिलेली वस्तू इथेच सापडेल.' तिचा त्यांना फार अभिमान. गिऱ्हाइकाचा एक स्क्रू आपल्याकडून हरवलेला नाही, हे वाक्य ते कुठल्याही विषयात घुसवायचे.

पुढे लोकांच्या खिशात फोन आले आणि कॅमेऱ्यांचे दिवस भरले. दुरुस्तीला कुणी येईना, पण टाकून द्यायला सगळे येऊ लागले. मांजराची पिल्लं दाराशी सोडतात तसे लोक कॅमेरे सोडून जायचे. दुकानामागे घराच्या दोनच खोल्या. पलंगाखाली कॅमेरे, पिठाच्या डब्याशेजारी भिंगं, मोरीत फिल्म धुवायचे ट्रे. शेवटी एक दिवस वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्या घरात एक तर हे भंगार राहील नाहीतर मी."

मास्तर खोलीभर नजर फिरवायला लागले.

"विचार कसला करताय?"

"विचार नाही गं. तुला जागा किती लागते ते मोजतोय."

त्या रात्री त्यांना जेवण मिळालं की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी फ्लॅशच्या चकचकीत वाटीची साबणदाणी मोरीत लागली. तिथून जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. फिल्मच्या डब्यांत मीठ-मिरपूड आली. दोरीवर कपड्यांना फिल्म सुकवायचे चिमटे लागले. लांब पल्ल्याचं भिंग दारात बसवलं, त्यातून बाहेर उभ्या माणसाच्या नाकावरचा तीळ लिंबाएवढा दिसायचा. दारावरची घंटा कॅमेऱ्याचा खटका दाबून वाजवायची; त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी उगीच हसून उभा राहायचा. आपोआप फोटो निघायची जी चावी असते, तिचं त्यांनी वहिनींसाठी स्वयंपाकाचं घड्याळ केलं. ते गुर्रगुर्र करत दहा सेकंदांत थांबायचं.

"दहा सेकंदांत काय शिजतं हो?" वहिनींनी विचारलं.

"तुझा राग," मास्तर म्हणाले.

लोक बघायला यायला लागले, मग मागायला लागले, आणि वहिनी विकायला लागल्या. ज्या बाईला भंगार नको होतं तीच आता म्हणायची, "त्या कोपऱ्यातल्या खोक्याचं काय करताय? बसून राहिलंय नुसतं."

पण मास्तरांचे दोन नियम होते. पहिला, कॅमेऱ्याला भोक पाडायचं नाही. दिव्याची वायरसुद्धा कॅमेऱ्याच्या मागच्या दाराच्या फटीतून न्यायची. "मेला म्हणून काय झालं, भोसकायचं कशाला?" दुसरा नियम कपाटाचा. डाव्या कप्प्यात मेलेले. त्यांचं काहीही करावं. उजव्या कप्प्यात थांबलेले, म्हणजे दुरुस्तीला दिलेले, सुटा भाग मिळाला नाही म्हणून पडून राहिलेले, मालक कधीतरी येईल असे. त्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या. त्यांना हात लावायचा नाही, मग वीस वर्षं होवोत.

एका वर्षी कपाटाला रंग द्यायचा ठरला. वहिनी म्हणाल्या, "मी काढते, मीच जागच्या जागी ठेवते." मास्तरांना राग आला. असं अंदाजाने ठेवतात काय? त्यांनी रीतसर कपाटाचा फोटो काढला, स्वतः फिल्म धुतली, स्वतः मोठा फोटो छापला, तो भिंतीला लावला आणि रंग वाळल्यावर त्यात बघून एकेक कॅमेरा परत जागेवर ठेवला. वहिनींना म्हणाले, "ह्याला म्हणतात पद्धत."

पद्धत होतीच. फक्त छापताना निगेटिव्ह उलटी लागली होती. डावं ते उजवं झालं होतं, उजवं ते डावं. उभ्या जन्मात हजारो फोटो छापलेल्या माणसाची ही चूक! तुम्ही-आम्ही अंदाजाने लावलं असतं तर बरोबर लागलं असतं.

चिठ्ठ्या होत्या म्हणून बाकीचे वाचले. मास्तर हात घालायचे, चिठ्ठी दिसायची, 'हा इकडे कसा?' म्हणत ते त्याला पलीकडे ठेवायचे, आणि दोष वहिनींच्या झाडण्याला द्यायचे. एकाची चिठ्ठी मात्र गळून पडली होती. जुना घडीचा कॅमेरा, पुढे भात्यासारखी कातडी. मास्तरांनी तो तीन पायांच्या स्टँडवर चढवला, आत छोटा बल्ब बसवला, आणि झाला वाचायचा दिवा. भिंगातून उजेड येई तो थाळीएवढा गोल, नेमका पुस्तकाच्या पानावर.

वाचनालयात त्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. तिथे तो दिवा हेडबाईंनी घेतला. हेडबाई म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या तरी गल्लीतले बापे अजून त्यांना बघून विडी विझवतात. दिवा घेताना त्यांनी विचारलं, "मास्तर, हा कुणाचा तरी असेल ना हो?"

मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "बाई, गिऱ्हाइकाचा एक स्क्रू माझ्याकडून हरवलेला नाही." सगळं वाचनालय ऐकत होतं. मीही होतो.

तीन वर्षांनी पत्र आलं. एका खलाशाचं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने वडिलांचा कॅमेरा मास्तरांकडे दिला होता, मग जहाज, मग दुसरं जहाज. आता नोकरी संपली होती, दोन महिन्यांनी तो परत येणार होता. लिहिलं होतं: 'मला नात झाली आहे. तिचा पहिला फोटो तिच्या पणजोबांच्या कॅमेऱ्याने काढायचा आहे. तोवर घरात कुणाला फोटोसाठी फोनसुद्धा उचलू दिलेला नाही. कॅमेरा ओळखायला सोपा, मागच्या दारावर वडिलांनी खिळ्याने नांगर कोरलाय.'

मास्तरांनी उजवा कप्पा पालथा घातला. मग डावा. मग भिंतीवरच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. फोटोत दुकानाची पाटीही आली होती. तिची अक्षरं उलटी होती. तीन वर्षं ती त्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती!

आता सरळ माणूस काय करील? हेडबाईंकडे जाईल, चूक सांगेल, दिवा परत मागेल. पण सांगायचं म्हणजे वाचनालयातली छाती आत घ्यायची. आणि हेडबाईंना कळलं की वहिनींना कळणार. 'ह्याला म्हणतात पद्धत' हे वाक्य मग मरेपर्यंत ताटात वाढलं गेलं असतं, भाजीआधी.

म्हणून मास्तरांनी दुसरी वाट काढली. दिवा उभाच्या उभा आणता येत नाही ना, मग तुकड्या-तुकड्याने आणायचा. एक भाग काढायचा, तिथे मेलेल्या कॅमेऱ्याचा तसलाच भाग बसवायचा. माझ्याकडून काळ्या कापडाची पिशवी शिवून घेतली. "कशाला हो?" मी विचारलं. "स्क्रू काळ्यावर दिसतात," म्हणाले. माझा काय विश्वास बसतोय!

पहिल्या गुरुवारी, दुकानाला सुट्टी म्हणून, ते बाईंकडे गेले. "विकलेल्या वस्तूची तपासणी करतो. फुकट." बाई चहा करायला आत गेल्या तेवढ्यात भिंग बदललं. पुढच्या आठवड्यात बाईंचाच निरोप: "मास्तर, दिवा लुकलुकतोय." मास्तर खूश. मग दर आठवड्याला दिवा लुकलुकू लागला, तोही बुधवारीच. देव आपल्या बाजूचा आहे असं त्यांना वाटलं. असं भात्याचं कातडं आलं, समोरची चौकट आली, पेटी आली. घरी मागच्या खोलीत ते जोडत होते, दुरुस्त करत होते, कानाशी धरत होते. एकोणीस वर्षं न मिळालेली स्प्रिंग त्यांना शेवटी वहिनींच्या स्वयंपाकाच्या घड्याळात मिळाली.

इकडे कुजबुज पिकली होती. इस्त्रीवाली शर्ट द्यायला आली आणि वहिनींच्या कानाशी लागली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण भाऊजी दर गुरुवारी हेडबाईंकडे..."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"आणि तुम्ही गप्प?"

"मग काय करू? चाळीस वर्षांत मला नाही सुधारता आले. बाईंच्या हातून सुधारले तर बघू. कॉलर जरा कडक कर, बाईंना चुरगळलेलं चालत नाही."

इस्त्रीवालीचा पार विरस झाला. माझाही.

सातव्या गुरुवारपर्यंत सगळं आलं, राहिलं फक्त मागचं दार. नांगरवालं. त्या मापाचं दुसरं दार मेलेल्यांत एकही नव्हतं. मास्तर पत्रा कापून नवं करत बसले. अजून आठ दिवस हातात होते. आणि मंगळवारी सकाळी खलाशी दारात उभा.

त्याने घंटेचा खटका दाबला, सवयीने हसला आणि आत येऊन पावती काढली. प्लॅस्टिकमध्ये घातलेली, एक घडी नाही. "जहाज लवकर लागलं," तो म्हणाला. "आहे ना कॅमेरा?"

मी माझं मशीन थांबवलं. खोटं कशाला बोलू, रस्ता ओलांडून त्यांच्या दारात जाऊन उभाच राहिलो.

मास्तरांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. मागची बाजू उघडी, जबडा वासलेला. खलाशाने तो उलटा केला, सुलटा केला. "दार कुठंय?"

 मास्तर पाटीकडे बघत होते. वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या, त्याही पाटीकडे बघायला लागल्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "दार कुठंय?"

"आहे," मास्तर म्हणाले. "म्हणजे होतं. चूक माझी..."

"सरका," मागून आवाज आला. मी सरकलो. त्या आवाजाला सगळेच सरकतात.

हेडबाई आत आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "मास्तर, हे तुमचं माझ्याकडे राहिलं होतं." कागद उलगडला. दार. त्यावर नांगर.

"बाई, तुम्हाला..."

"पहिल्याच गुरुवारी कळलं. तुम्ही आलात तेव्हा उजेडाचा गोल गोल होता, तुम्ही गेलात आणि त्याला कडेला दात फुटला. टवका उडालेलं भिंग बसवलंत तुम्ही. अहो, जन्मभर बाकाखालून चिठ्ठ्या सरकवणारी पोरं पाहिलीत मी. तुम्ही तर त्यांच्याहून कच्चे."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगायला तुम्ही याल म्हणून थांबले. आला नाहीत. आणलात काय, तर स्क्रू-ड्रायव्हर. दर बुधवारी बल्ब मीच सैल करत होते, नाहीतर कुठल्या तोंडाने आला असतात? चहा पाच मिनिटांत होतो, मास्तर. बाकीचा वेळ मी ओट्याशी उभी राहून तुमची खुडबुड थांबायची वाट बघायची. शेवटचं दार तुम्ही नेईनात, म्हटलं पोर अडलं. आज समोरच्या खिडकीतून हे दिसले, खांद्यावर जहाजाची पिशवी; म्हटलं, नांगराचा मालक आला, मग काढून आणलं."

मास्तरांनी दार बसवलं.  खलाशाने कॅमेरा उचलला, त्यांच्यासारखाच कानाशी धरला आणि खटका दाबला.

खट्.

 त्याने बोटाने नांगर पुसला, नुसता पुसत राहिला. मग खिशातून फिल्मचा रोल काढला. "बारा फोटो निघतात," म्हणाला. "पहिला नातीचा. दुसऱ्याला मात्र तुम्हीच उभे राहा तिघं. परत येईन."

आठ दिवसांनी तो आला आणि त्याने दुकानाच्या पाटीखाली तो फोटो काढलाही. मधे मास्तर, डावीकडे वहिनी, उजवीकडे हेडबाई. छापून झाल्यावर वहिनींनी तो आधी पाटीपाशी नेला, अक्षरं सुलटी आहेत का बघितली आणि म्हणाल्या, "ह्याला म्हणतात पद्धत." भाजीआधी, भाजीनंतर आणि झोपताना, असं मास्तर अजून ते ऐकतात. हेडबाईंना त्यांनी नवा दिवा करून दिला, ह्या खेपेला तीनदा विचारून कुणाचा कॅमेरा ते. तो अजिबात लुकलुकत नाही.

तर खरं काय ते सांगून टाकतो. मास्तरांचं आणि हेडबाईंचं काहीही नव्हतं. मास्तर आपणच विकलेला दिवा सात गुरुवार चोरत होते आणि बाई त्यांना चोरू देत होत्या.