आत्याच्या दारातला कॅमेरा

माझ्या आत्याच्या घरात उघडी वस्तू सापडणार नाही. मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, गारठा सुरू झाला की टेबलफॅनलाही कव्हर. कव्हरं शिवणं हा तिचा धंदा आहे, पण धंदा कुठे संपतो आणि खोड कुठे सुरू होते, ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. सगळी गल्ली तिला कव्हरआत्या म्हणते. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि दिवसभर सताड उघडं दार. लग्न केलं नाही, कुणाची मिंधी राहिली नाही. सत्तरी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते आणि वर माझ्या चष्म्याला हसते!

तर या आत्याच्या अंगणातून पाण्याची मोटर चोरीला गेली. तीही भरदिवसा. ही आत मशीनवर, बाहेर मोटर पसार. मोटरीचं कव्हर तेवढं चोराने काढून कट्ट्यावर टाकलं होतं. मोटरीपेक्षा आत्याला राग त्याचाच जास्त.

"मेल्याला कव्हर न्यायला काय झालं होतं? एवढं छान शिवलेलं!"

माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, आयतं निमित्त मिळालं. आई गेल्यापासून अप्पा गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहतात. ते तरातरा आले आणि उंबरठ्यावरूनच म्हणाले, "अक्का, पुरे झालं आता. मशीन विकून टाक, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल."

"आणि तिथे करू काय? तुझ्या फ्रिजला एकच कव्हर लागतं, चिमण्या."

रिटायर झालेल्या हेडक्लार्कला चिमण्या म्हणणारी जगात ही एकच बाई उरली आहे.

पण अप्पा हटून बसले. शेवटी मी आणि आमचे हे मध्ये पडलो. ठरलं असं, की आत्याच्या दारावर कॅमेरा लावायचा, चित्र अप्पांच्या फोनवर. काही दिवस बघायचं. पुन्हा काही गडबड झालीच, तर आत्याने मुकाट्याने अप्पांकडे जायचं. आत्या "बरं" म्हणाली खरी, पण मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसतीच बसून राहिली.

कॅमेऱ्याच्या दुकानात वेगळीच जुंपली. आमचे हे वायरवाल्या कॅमेऱ्याच्या बाजूचे. "एकदा भिंतीतून वायर नेली की कटकट मिटली. चार्जिंग नको, काही नको."

अप्पा म्हणाले, "भिंतीला भोकं कशाला पाडायची? बिनवायरचा घ्या. दोन स्क्रू पिळले की झालं. अक्का माझ्याकडे आली की काढून आणायलाही सोपा."

अस्सं! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वायर म्हणजे आत्या राहणार, बिनवायर म्हणजे आत्या निघणार. दुकानदार म्हणाला, दोन्ही चांगले आहेत, बॅटरी तीन महिने आरामात जाते. आमच्यात अप्पांचा आवाज मोठा, त्यामुळे बिनवायरचा आला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी अप्पांच्या फोनवर काळाकुट्ट अंधार. अप्पांनी मला फोन केला आणि स्वतः रिक्षा करून धावले, एका पायात बाहेरची चप्पल, एका पायात बाथरूमची. मी पोचले तर आत्या मशीनवर गाणं गुणगुणत होती आणि दारावरच्या कॅमेऱ्याला निळं, इलॅस्टिक लावलेलं, झकास मापाचं कव्हर!

"अगं, डोळे बांधलेस की त्याचे!" अप्पा किंचाळले.

"मग धूळ बसते ना रे! एवढी महागाची वस्तू, उघडी कशी टाकू?"

मी तर हसून हसून भिंतीला टेकले. आत्याने कात्री घेतली, कव्हरला पुढून गोल भोक पाडलं, त्याच्या कडेने पायपिंगची पट्टी लावली आणि पुन्हा चढवलं. अप्पांनी ही गडबड पोटात घातली.

पुढची मात्र घालेनात. दोन आठवडेही झाले नव्हते आणि चित्र बंद पडलं. या वेळी कव्हर जागच्या जागी होतं. बॅटरी संपली होती.

"झालं! आता बॅग भर," अप्पा म्हणाले. आत्या उठली आणि मशीनला त्याचं कव्हर घालायला लागली, भरदुपारी, कामाच्या वेळेला. ते मला बघवेना. मी तिच्या हातातून कव्हर ओढून घेतलं आणि दुकानदाराला फोनवर असं काही झापलं, की तो अर्ध्या तासात हजर.

त्याने कॅमेरा उघडून पाहिला. "हा ठणठणीत आहे, ताई. दाराशी कुणी आलं की हा जागा होतो, चित्र घेतो, परत झोपतो. माणसांची वर्दळ नसली की बॅटरी पुरते. इथे याला झोपच मिळत नाही हो!"

त्याने अप्पांच्या फोनमधली चित्रं भराभर पुढे सरकवली. दूधवाली. पत्र टाकणारी बाई. गिटारला कव्हर शिवून घ्यायला आलेली कॉलेजची मुलगी, तीच पुन्हा, तीच पुन्हा. समोरचे आजोबा तर पायरीवर बसून रोज पेपर वाचत होते.

"हे आज उशिरा आले," अप्पा पटकन बोलून गेले. "आणि ती गिटारवाली दोन दिवस फिरकली नाही. परीक्षा असेल."

म्हणजे अप्पा दिवसभर फोनला डोळे लावून बसत होते!

"इथे वायरवालाच हवा," दुकानदार म्हणाला. "भोक पाडू का?"

अप्पा स्टुलावर बसले. आजोबांच्या त्या पायरीकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाले, "पाड. अक्का कुठे जात नाही."

आत्याने डोळे पुसले, चहा टाकला आणि उतरवलेला बिनवायरचा कॅमेरा उचलून अप्पांच्या मांडीवर ठेवला. "हा तुझ्या दाराला लाव. तूही एकटाच राहतोस की. चित्र माझ्या फोनवर यायला हवं."

तसं केलं. पुढे एकदा आत्याचा फोन आला. "अगं, चिमण्याचा कॅमेरा बिघडलाय का बघ. बॅटरी रोज तेवढीच दिसते, उतरतच नाही."

मी जाऊन पाहिलं. काही बिघडलं नव्हतं. दुकानदार काय म्हणाला होता, त्याची मी तिला फोनवर आठवण करून दिली. पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे त्याच्याकडे कुणीच येत नाही?"

मी त्यांची सख्खी मुलगी, आणि मीसुद्धा क्वचितच जायचे. लाज वाटली, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लोटून, टेप गळ्यात टाकून आत्या अप्पांच्या दारात उभी. "तुझ्या सोफ्याचं माप घ्यायचंय, सरक." त्यानंतर ती पेपरवाल्या आजोबांना घेऊन गेली, बुद्धिबळ खेळायला. गिटारवाल्या मुलीला वाजवायला शांत खोली हवी होती, तिला अप्पांची रिकामी खोली दाखवली. मीही आता मुलांना घेऊन जाते, आणि मुलं त्या दारातून शंभरदा आत-बाहेर करतात.

परवा मी ऑफिसात होते, तर अप्पांचा फोन. आवाज इतका चढलेला, की क्षणभर मी घाबरलेच.

"अगं, ऐक! माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली! आता माझ्याकडेही वायरचाच लावावा लागणार!"